रथाच्या वळणावरचे सांधे

कुंभकोणम्

प्रिय सेतू,

अनेक आशीर्वाद. पाय अजून दुखतो का, ते तूच कळव. चेन्नईच्या दुकानात दिवसभर उभा राहू नकोस. नाचियार्कोविलचे पितळी दिवे बसूनही विकता येतात.

इकडे रथवीथीचं काम संपलं. गेल्या मासी महिन्यातल्या रथोत्सवात ज्या वळणावर तुझ्या पाचरीखालचा दगड उचकटला आणि चाक तुझ्या पायाला घासून गेलं, तिथले सगळे दगड काढायला लावले. दगडांमधल्या सांध्यांत नुसतं पातळ सिमेंट ओतलेलं. सरळ रस्त्यावर ते चालतं. पण वळणावर आपण चाकाखाली पाचर सारून रथ फिरवतो, चाक दगडाला पिळतं, तेव्हा त्याचा भुगा होतो.

मी म्हटलं, एपॉक्सीची राळ भरू, लोखंडासारखं धरेल. इंजिनिअर श्रीलक्ष्मी हसली. म्हणाली, "मामा, त्याला सांधे खडखडीत कोरडे लागतात. कावेरीकाठी ते कुठून आणायचे?" शेवटी खाली काँक्रीटचा थर आणि सांध्यांत पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं ग्राउट, असं ठरलं. ते दगडाला चिकटून राहतं, धक्काही सोसतं. घरांपुढच्या कडेला मात्र वाळू भरली, म्हणजे कोलमच्या रांगोळीआधी शिंपडलेलं पाणी जिरेल. त्यावर सरोजाअत्या म्हणतेच आहे, "देवाला सिमेंट, आणि मला वाळू?"

वळणाचे सांधे तुझ्या सूर्याने भरले. माझ्या हाताखाली पोर तयार झालं रे. बादलीतलं ग्राउट घट्ट होऊ लागलं की पाणी घालून वाढवायचा मोह होतो, पण मग ते धरत नाही. त्याने तसं केलं नाही, उरलेलं टाकून दिलं. काल पाण्याने भरलेला टँकर तिथे वळवून पाहिला. एकही दगड हलला नाही. तरी टँकर म्हणजे रथ नव्हे, हे तुला काय सांगायचं!

देवळात सगळ्यांनी विचारलं, यंदा सेतूची पाचर कोण धरणार? सूर्या पुढे झाला. मी हो म्हटलं नाही. काका असलो तरी ही परवानगी बापाची. देवापुढे हात जोडले आणि घरी आलो. म्हणून हे पत्र. तुझ्या मनात असेल तेच लिही. नाही म्हणालास तर तुझं नाव पुढे येऊ देणार नाही. मलाच धीर झाला नाही, असं सूर्याला सांगेन.

तुझाच,
अण्णा