चुना कोणी लावला याबाबत

प्रति,
मा. मार्गदर्शन अधिकारी,
जुनी घरे देखभाल साहाय्य कक्ष,
श्रीवर्धन, जि. रायगड.

विषय : तज्ज्ञ अहवालातील एका शिफारशीची पूर्तता कशी करावी, याबाबत.
संदर्भ : १) अर्ज दि. १० मार्च २०२५ २) आपली नोटीस दि. २ मे ३) तज्ज्ञ अहवाल दि. १९ नोव्हेंबर

महोदय,

१. अर्जदार जीवन काळूराम भायदे, राहणार बोर्ली पंचतन, याचे घर जांभ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले आहे. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवण्याची चूक अर्जदाराची स्वतःची. तेव्हापासून भिंती पाझरू लागल्या व पत्नी मृणाल हिचा दमा बळावला. सबब 'सिमेंट काढून चुना लावणारा माणूस मिळावा' असा अर्ज केला.

२. कक्षाने तो फसवणुकीच्या तक्रारींत नोंदवून 'आपणांस चुना कोणी लावला, नाव-पत्ता कळवावा' असे विचारले. घराला शेवटचा चुना बुधाजी गवंडी यांनी लावला होता. अर्जदाराने तसे कळवले. 'उत्तम लावला' असा शेराही मारला. नोटीस बुधाजींना गेली. वय ८१. ते ती घेऊन दारात आले. "जीवन्या, म्या चुना तुझ्या भिंतीला लावला, तुला न्हाय! आता या घराला हात लावायचा न्हाय." पंचक्रोशीत हे काम जाणणारा दुसरा कोणी नाही.

३. पावसाळा लागला तशी मृणाल थळला भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "अहो, काकांची माफी मागा आधी. कागद तुमचा नि शिक्षा म्हाताऱ्याला." अर्जदाराने आधी कक्षाकडे दुरुस्तीपत्र मागितले, माफी लेखी आधारासह मागावी, असा विचार होता. पत्र आले नाही. माफी प्रलंबित राहिली. १४ सप्टेंबरला थळहून फोन आला.

४. नोव्हेंबरात आपल्या तज्ज्ञ श्रीमती ऋतिका आल्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बुधाजींच्या ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "काका, तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" दुसऱ्या दिवशी म्हातारा थापी घेऊन हजर. हे वाक्य अर्जदारालाही येत होते. भिंती आता कोरड्या आहेत.

५. अहवालात शेवटी लिहिले आहे : 'अशी घरे बंद राहून खचतात. सर्व खोल्या रोज उघडाव्यात, चूल पेटावी, घरात माणसांचे बोलणे-चालणे असावे.' अर्जदार खोल्या उघडतो. चूल पेटवतो, वर काही ठेवत नाही. चालतोही. बोलण्याची पूर्तता एकट्याने कशी करावी, याचा खुलासा अहवालात आढळत नाही. तरी त्याबाबत लेखी मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.

आपला नम्र,
जीवन काळूराम भायदे
बोर्ली पंचतन, दि. २७ जानेवारी २०२६

सोबत : तज्ज्ञ अहवालाची प्रत, मृत्यूचा दाखला, एक.