तळहाताएवढं झबलं

मंगळवार, संध्याकाळ, खमरिया

सातवा महिना चालू आहे आणि शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी वाढलाय. बाळ लवकर येईलच असं नाही, पण येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी सासूबाईंना दवाखान्यातूनच फोन केला. मग घरापर्यंत कशी आले, आठवत नाही. जणू तरंगत आले.

बघते तर सासूबाई जुन्या पांढऱ्या लुगड्याचं झबलं शिवून राहिल्या होत्या. जन्माआधी बाळाचं काही शिवू नये, असं मला बजावणाऱ्या त्याच!

"आई, इतकं लहान काहून?"

"लवकर आलं तर थंडी वाजंल न त्याले."

झबल्यातून ऊन झिरपत होतं. मी ते पोटावर पसरलं. आत कुणीतरी हळूच कूस बदलली.

बाळा, आजीनं जीव लावून शिवलंय. तुला ते लहानच पडू दे.