गाभोळीच्या माशांचा फोटो

पुंजारामदादा,

नमस्कार. आईनं शिकवला म्हणून लिहितो, मनातून न्हाई.

आईला सांग, मी बराबर जेवतो, स्वेटर घालतो. तिचे गुडघे कसे हायेत?

इथं हिमाचलात, धरणाचं पाणी टर्बाइनमध्ये शिरतं तिथं लोखंडी जाळी हाय. नदीनं खाली येणारे मासे पात्यांत कापले जाऊ नयेत म्हणून. ती साफ ठेवायचं काम माझं. काल साहेब म्हणले, जाळीनं वीज कमी होऊन राह्यली, काढून टाक. मी म्हणलं, न्हाई काढणार. आम्ही गोदावरीचे भोई. आमचे आबा आषाढात गाभोळीचा, पोटात अंडी असलेला मासा जाळ्यातून परत सोडायचे.

साहेब हसले. आष्टीच्या बाजारातला तू धाडलेला तुझा फोटो मीच त्या सकाळी सगळ्यांना कौतुकानं दाखवला होता. बंधाऱ्याखाली अडकलेल्या माशांचा विकायला मांडलेला ढीग, एकेकाचं पोट गाभोळीनं टम्म, अन्‌ मधी तू दात काढून उभा.

साहेब म्हणले, "यही है ना तेरा भाई?"



तरी जाळी मी काढली न्हाई. नोकरी जाईल बहुतेक. आईला यातलं काही सांगू नको. गावी आलो तर घराआधी बंधाऱ्यावर येईन. तिथं तुझं जाळं दिसलं, तर कोयता घेऊनच पाण्यात उतरेन.

अजून तरी तुझाच भाऊ,
भारत