सासरवाडीच्या बाजारात लाकडी बैल

१२ मे १९४६, रविवार

पहिला बाजार झाला! सांगलीहून सर्व्हिस मोटारीनं गेलो. मोटार कोळशाच्या धुरावर चालते आणि चढ आला की माणसांनाच खाली उतरवते. सगळे उतरले. मी उठायला लागलो तर ड्रायव्हर म्हणाला, "तुमी बसा, जवान." लाकडी पायाचा हा पहिला फायदा! बैलांचं पोतं मांडीवर धरून सरदारासारखा बसून राहिलो. तरी एका बैलाची शेपटी मोडलीच.

बैल लाकडाचे. पांगाऱ्याचं लाकूड, खाली चाकं, पुढं ओढायला दोरी. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात बसून बसून शिकलो. डावा पाय गुडघ्याखाली इटलीत राहिला आणि त्याच्या बदल्यात ही कला हाताला लागली. सौदा फार वाईट नाही.

निघताना आबांनी विचारलं होतं, "सांगलीचा बाजार सोडून त्या विट्याच्या अंगाला कशाला तडफडतुयास?" आबा म्हणजे वडील. फौजेत कधी नव्हते, पण हुकूम सोडायला फौज लागतेच असं नाही. म्हटलं, तिकडं गिऱ्हाईक बरं आहे.

"व्हय, सासरवाडीला गिऱ्हाईक बरंच आसतंय," म्हणाले.

म्हातारा फसत नाही.

१३ मे

वहीत तरी खरं लिहावं. चंद्रा दिसेल म्हणून गेलो होतो.

बेचाळीस साली मी भरती झालो. पुढच्या वर्षी आई गेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही म्हणून मामा — माझे सासरे, नानासो — येऊन चंद्राला माहेरी घेऊन गेले. तेव्हा ते योग्यच होतं. पण मी माघारी आलो त्याला आता तीन महिने झाले! मामा शिमग्यात येऊन भेटून गेले. चहा घेतला, पायाची चौकशी केली, उसाची चौकशी केली. चंद्राचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. ते गेल्यावर आबा म्हणाले, "यायची आसती तर आली आसती."

खरंच आहे. लंगड्याचा संसार कुणाला हवाय? तिची येण्याची इच्छा आहे की नाही, एवढं एकदा कळलं की बस. नाही म्हणाली तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण कळेल तरी!

१९ मे, रविवार

माझ्या शेजारी हरणाबाई बसते. तिथलीच, चंद्राच्या गावची. शिंदीच्या केरसुण्या स्वतः बांधते आणि तिची जीभ हातांपेक्षा जोरात चालते. आज तिनं माझा बैल उचलला, खालून-वरून बघितला आणि म्हणाली, "पाव्हणं, ह्यो बैल हाय का म्हस?"

"बैल."

"मग वशिंड कुठं ठेवलंसा?"

बघतो तर खरंच! एकाही बैलाला वशिंड नाही. शिकवणारा साहेब विलायतेचा. त्याच्याकडच्या बैलांना वशिंड नसतं आणि मी त्याचा नमुना बघून निमूटपणे कोरत गेलो. जन्म गेला बैलांच्या मागं आणि वशिंड विसरलो! सगळा बाजार येऊन बघून गेला. "साहेबाचा बैल, साहेबाचा बैल!" एकानं तर विचारलं, हा इंग्रजी बोलतो का म्हणून. विक्री मात्र त्यामुळंच बरी झाली.

२० मे

दिवसभर वशिंडं कोरून सरसानं चिकटवली. आबा लांबून बघत होते. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "शिंगं बी सुदार. बोकडाची वाटत्यात."

सुधारली.

२ जून, रविवार

दिसली!

बाजाराच्या पलीकडून विहिरीची वाट जाते. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. थांबली. माझ्याकडंच बघत होती, शपथेवर सांगतो. मी ताठ बसायला गेलो आणि लाकडी पाय बैलांच्या रांगेत घुसून सगळे बैल आडवे झाले. गोळा करून वर बघतो तर गेलेली.

पाय बघितला असणार. बघू दे. कधीतरी बघायचाच होता. जेवण गेलं नाही.

९ जून, रविवार

काय लिहू! लाज वाटते आणि हसूही येतं.

शुक्रवारी बेंदूर, बैलांचा सण. म्हणून गेला आठवडा हाताला उसंत दिली नाही. शिंगं रंगवली, पाठीवर झुली काढल्या, गळ्यात घुंगराच्या जागी काचेचे मणी. दोन पोती भरून नेली. आणि कुणी हातसुद्धा लावेना! शेवटी एक म्हातारा म्हणाला, "बैल ग्वाड हायती, पर यवडी घाई कशापाई?" तेव्हा उजेड पडला. आमच्या मिरज-सांगलीकडं कानडी बेंदूर, जेठातल्या पुनवेचा. या मुलखाचा बेंदूर आषाढात, महिनाभर पुढं! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासरवाडीचा बेंदूर कधी असतो ते जावयाला माहीत नाही. "लढाई जितली आन बेंदूर चुकला!" म्हणत हरणाबाईनं ही गोष्ट बाजारच्या टोकापर्यंत पोचवली.

तिथपर्यंत म्हणजे मामांपर्यंत. ते आले. एक बैल घेतला, चाक फिरवून बघितलं.

"चाक ब्येस बसिवलंय."

"बसा की, मामा."

"न्हाई, काम हाय." मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "बाजार उरकून काय करनार?"

"काय न्हाई. सांजच्या मोटारीनं माघारी."

"आसं," म्हणाले, बैल खाली ठेवला आणि निघून गेले. घाव बसल्यासारखे चालत होते. मी काय वाकडं बोललो ते मोटारीत बसून आठवत होतो. काहीच सापडलं नाही.

१४ जून

आमचा बेंदूर. पोळ्या शेजारच्या शालूबाईनं धाडल्या. आबांनी देव्हाऱ्यापुढं मातीचे बैल मांडले, आणि बघतो तर त्यांच्या रांगेत माझा एक लाकडी बैल! त्यालाही कुंकू. मी बघतोय हे दिसल्यावर म्हणाले, "जागा रिकामी दिसत व्हती."

मला फार बरं वाटलं. त्यांना सांगितलं नाही.

१६ जून, रविवार

हरणाबाईला आज विचारलंच — चंद्रा काय म्हणते? तिनं केरसुणीची गाठ दातांनी ओढून आवळली आणि मगच तोंड उघडलं.

"घर तुमचं, बायकू तुमची. मी केरसुनीवाली. मला कशाला इच्यारता?"

बरोबर आहे. पण एरवी कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते हिला ठाऊक असतं, आणि नेमकी आजच ही केरसुणीवाली झाली!

२३ जून, रविवार

मोटार बंद पडली. अर्ध्या वाटेतून माघारी. आबा म्हणाले, "मोटारीलाबी कटाळा आलाय तुजा."

३० जून, रविवार

पाऊस. बैलांचा रंग उतरून माझ्या धोतराला लागला. धोतराचा बेंदूर झाला. ती दिसली नाही.

७ जुलै, रविवार

सगळे बैल गेले! त्यांचा बेंदूर ह्याच आठवड्यात. पोरं रडून रडून घेत होती. वशिंड नसलेला एक जुना बैल पोत्यात राहिला होता, त्यावरून तर दोघांची भांडणं लागली. पुढं गणपतीच्या जत्रेला हत्ती करून आणा म्हणाले. विलायती साहेबाला हे दाखवायला हवं होतं.

चंद्राच्या घरचं कुणी फिरकलं नाही. हरणाबाई आज माझ्याशी धड बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "सपली बैलं? झालं मग."

पोतं इतकं हलकं झालं आणि मला उचलवेना. एवढे बाजार मी बैल विकायला जातो असं सांगत आलो — आबांना, मोटारवाल्याला, स्वतःला. आता विकायला बैलच नाहीत.

१३ जुलै

आबा म्हणाले, "बेंदूर सपला. आता कंचा बाजार?" थट्टा नव्हती. खरंच विचारत होते.

म्हटलं, उद्या जातो. काही न घेता. दारात उभा राहून तिला विचारतो — येतेस की नाही? नाही म्हणाली की परत त्या गावाचं नाव काढणार नाही.

आबांनी मळायला घेतलेली तंबाखू खाली ठेवली. मग आतून आपला ठेवणीतला पटका आणून माझ्या पुढ्यात टाकला. "‘न्हाई’ ऐकायला जायाचं, तर नीट बांदून तरी जा."

१४ जुलै, रविवार

बाजारात थांबलोच नाही. मोटारीतून उतरलो तो थेट मामांच्या दारात. चंद्रा बाहेरच्या सोप्यात बसलेली — नेसूनसवरून, शेजारी लुगड्यांचं गाठोडं. सगळं पाठ केलेलं विसरलो आणि विचारलं, "कुठं निघालीस?"

"पानी भरून झालं की दर ऐतवारी हितंच बसतीया," म्हणाली. "लोक सांगत येत्यात, तुजा मालक आलाय. न्ह्याला मानूस आल्याबिगर सासरी कशी येनार मी? गठुळं बांदून बसती. सांजची मोटार गेली की सोडती."

ती माझ्या पायाकडं बघत नव्हती, तोंडाकडं बघत होती.

"बाजारापातूर येत व्हता तुमी," म्हणाली. "हितवर याय पाय दुखत व्हता व्हय?"