मूळ प्रत पाहिली

बाबा, कार्डाच्या विम्याची तक्रार मी जिंकले. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कोणाकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगते. कार्डावर उधारीनं घ्यायचं आणि महिन्या-महिन्याला फेडायचं. सोबत बँक एक विमा विकते. नोकरी गेली तर कार्डाचे हप्ते विमा भरणार. बुटीबोरीच्या कारखान्यात मी सुताची तपासणी करायची, अकरा वर्षं, आणि अकराही वर्षं कंत्राटावर. तिथल्या कँटीनमध्ये, हात धुण्याच्या नळांशेजारी टेबल टाकून एक माणूस हा विमा विकत होता. चाळिशीचा, मिशी पिकत आलेली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. "ताई, नोकरी गेली तरी कार्डाचं टेन्शन नाही." मी सही केली, गेटपासची झेरॉक्स दिली. त्यानंतर चार वर्षं दर महिन्याला विम्याचे पैसे कापले गेले. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मी त्याच कार्डावर केलं, कारण विमा होता. मग आमचा विभाग बंद झाला. विमा मागितला तर तीन ओळींचं उत्तर आलं: कंत्राटी कामगारांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो मला मिळणारच नव्हता.

त्या दिवशी मी रडले नाही. मी तुमची फाइल काढली, ती खाकी, नाडीची. त्यातले तुमचे कागद बाहेर काढून माझे आत घातले.

तुम्ही कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य काढलं. मी डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही माझ्याकडेही पाहत नसायचात. समोरचा माणूस काकुळतीला येऊन काहीतरी सांगत असतो आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "कागद दाखवा." मला तुमची लाज वाटायची. नववीत असताना शाळेच्या हेडक्लार्कनं सवलतीच्या अर्जासाठी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला, "खाली सही कर, वर मी लिहितो" म्हणाला, आणि मी केली. घरी येऊन सांगितलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, हातातला घास ताटात ठेवलात. "जाय, तो कागद वापस आण." एप्रिल महिना होता, दुपार होती. सक्करदऱ्यातल्या घरापासून शाळेपर्यंत मी पायी, आणि तुम्ही सायकल हातात धरून वीस पावलं मागे. हेडक्लार्क हसला. "तुह्या बापाचा माह्यावर भरोसा नाही काय वं?" पण कागद दिला. परतताना तलावाजवळ येऊन तुम्ही त्याचे बारीक तुकडे केलेत आणि खिशात ठेवलेत, पाण्यात टाकले नाहीत. "कोऱ्या कागदावर सही केली म्हणजे आपलं तोंड दुसऱ्याले देल्लं." त्यानंतर आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

बँकेच्या शाखेत मला म्हणाले, मॅडम, ऑनलाइन टाका, कागद आम्ही घेत नाही. मी दोन प्रती काउंटरवर ठेवल्या आणि उभी राहिले. मागची रांग ओरडायला लागली, तरी उभी राहिले. एक वाजता शिक्का मिळाला. अर्जात एकच मागणी होती, माझ्या नावच्या प्रत्येक कागदाची नक्कल. महिन्यानं पाकीट आलं. फॉर्मवर नोकरीच्या रकान्यात लिहिलं होतं: कायम. अक्षर माझं नव्हतं. आणि फॉर्मच्या मागे, बँकेनंच आपल्या हातानं जोडलेली, माझ्या गेटपासची झेरॉक्स होती. तिच्यावर ठळक अक्षरात छापलेलं 'कंत्राटी कामगार' आणि त्याखाली कँटीनमधल्या त्या माणसाची निळी सही. सहीच्या वर, नियमाप्रमाणे, त्याच्याच हातचे तीन शब्द: मूळ प्रत पाहिली.

बाबा, मी तो कागद किती वेळा पाहिला असेल! मला पैसे नको होते असं नाही, पण त्याहून मला तो माणूस हवा होता. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे तक्रार लिहिली तेव्हा बँकेबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि त्याच्याबद्दल चार. शेवटी लिहिलं: त्यांनी नोकरीबद्दल विचारलं, मी कंत्राटी असल्याचं स्पष्ट सांगितलं, तरीही त्यांनी कायम असं लिहिलं.

तो घरी आला. दारात हेल्मेट हातात घेऊन उभा आहे, मी बसा म्हणत नाही. "ताई, तक्रार वापस घ्या ना. माह्यं नाव आलं त्यात."

"नाव यावं म्हणूनच लिहिली."

"मी बी कंत्राटावरच आहो ताई. काढून टाकतीन मले."

"मग विमा घेतला असेल ना? फॉर्मवर काय लिहिलं आहे ते पाहून घ्या."

त्यानं हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. मग हळूच म्हणाला, "ताई, मी विचारलं कुठं होतं? तुम्हीच तर म्हणाल्या, घाई आहे, भरून घ्या."

"कागद दाखवा," मी म्हणाले.

आई आतून भिंत धरत आली, पाण्याचा गिलास घेऊन. नव्या चष्म्यातून तिनं त्याला नीट पाहिलं. तो उभ्यानंच पाणी प्याला, गिलास उंबऱ्याशी ठेवून गेला. आई म्हणाली, "काहून वं इतकी? तुह्या बापानं पाणी तरी विचारलं असतं." मी म्हटलं, विचारलं नसतं. आणि मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. ते बरं वाटणं अजून गेलेलं नाही.

काल निकाल आला. कापलेले पैसे परत, हप्ते माफ. त्या माणसाला कामावरून कमी केलं आहे, तेही एका ओळीत लिहिलं आहे. ती ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा तिनं चष्मा काढून ठेवला.

तुम्हाला लिहायचं कारण एवढंच. जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची होती, मागे कायम नोकरीतल्या बायका उभ्या होत्या, आणि फॉर्म कोरा होता. त्यानं काही विचारलं नाही. मी खाली सही केली आणि म्हटलं, बाकीचं भरून घ्या. त्यानं गेटपास पाहिला होता, त्याला सगळं माहीत होतं, ते खोटं त्याचंच. पण मी स्पष्ट सांगितलं हे वाक्य माझं आहे, आणि त्याची नोकरी त्याच वाक्यावर गेली. लोकपालांसमोर ते मला पुन्हा विचारलं असतं, तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं. तुमच्यासमोर सांगता आलं नसतं.

फाइलमध्ये सगळ्याची नक्कल आहे. या पत्राची मी काढलेली नाही. चार घड्या घालून हातात धरलं आहे, आणि तुकडे किती बारीक करायचे ते मला माहीत आहे.