दोघांत एक बाटली

कांकाल, १४ नोव्हेंबर

प्रिय ब्लेवेन,

उन्हाळ्यात तुझी पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुझ्या भावाबद्दल काय लिहावं ते कळत नव्हतं, आणि त्याच्याबद्दल न लिहिता तुला पत्र लिहिणं जमेना.

आमच्या लग्नात तू अत्तराची ती निळसर बाटली दिलीस, सागरी वासाची, बाईलाही चालणारी आणि पुरुषालाही. "माझा भाऊ चिक्कू आहे, दोघांत एकच पुरवेल," म्हणून सगळ्यांना हसवलंस. गुल्वेनने मनगट हुंगलं आणि म्हणाला, "हा कुठला समुद्र? आपल्या समुद्राला चिखलाचा नि डिझेलचा वास येतो. ही तर काकडी!" तरी दुसऱ्या दिवसापासून लावायला लागला. दर नाताळला तू नवी बाटली पाठवत आलीस. घरात वास एकच, म्हणून कुठला स्वेटर कुणाचा हे बघणंही आम्ही सोडून दिलं. हाताला येईल तो घालायचा. मला ते फार आवडायचं.

सप्टेंबरात तो ओहोटीच्या वेळी वाळूवर चालत गेला आणि परतला नाही. ब्लेवेन, तो विसरायला लागलाय. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं. ज्याला भरतीची वेळ विचारायला गाव यायचं, तो आता ती मला विचारतो, आणि सांगितलेली लगेच विसरतो. पोलिसांनी कुत्रा आणला, वास द्यायला गुल्वेनचा कपडा मागितला. मी खुंटीवरचा स्वेटर दिला. कुत्र्याने हुंगला, अंगणात फेरी मारली आणि माझ्या पायाशी येऊन बसला. दुसरा दिला, पुन्हा तेच. "बाई, हा तुमच्याच प्रेमात पडलाय," कुत्रेवाला म्हणाला. अत्तराने कुत्रा फसत नाही, त्याला अंगाचा वास लागतो, त्याने समजावलं. आणि या घरात निव्वळ नवऱ्याच्या अंगाचा एकही कपडा नव्हता. पाणी चढत होतं. शेवटी शेजारचा तांगी ट्रॅक्टरवरून त्याला घेऊन आला, कमरेपर्यंत भिजलेला. "शिंपले काढायला गेलो आणि तुझं हे ध्यान सापडलं," एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

गुल्वेनने एकट्याने वापरलेला कपडा बरणीत बंद करून ठेवा, पुन्हा लागेल, असं कुत्रेवाला सांगून गेला. मला अजून जमलेलं नाही. गुल्वेन आता कपडे नाकाने ओळखतो. तो वास आला की आपला. माझा गाऊनसुद्धा चढवतो. म्हणून परवा उरलेलं अत्तर मी बेसिनमध्ये ओतलं आणि संपलं म्हणून सांगितलं. बरोबर केलं का, माहीत नाही. काल रात्री माझ्याजवळ येऊन त्याने माझी मान हुंगली आणि, "माफ करा हं," म्हणून मागे सरकला. तो तुला फोन करेल. तुझा नंबर त्याला अजून पाठ आहे. बाटली मागेल, लाडीगोडी लावेल, कदाचित रडेलही. या नाताळला पाठवू नकोस.

तुझीच,
सोलेन

ता.क. उद्यापासून त्याचे कपडे वेगळे धुवायचे ठरवलंय.