बाबांसाठी काढलेला गेंडा

२४ ऑगस्ट, रवि. ईडन प्रेरी, अमेरिका
बॅग भरून झाली. लेन्स तीनदा मोजल्या, दोनच आहेत. आईचा फोन. बुधवारी घरी गणपती बसणार, आणि सुट्टी मिळूनही मी नाशिकला जात नाहीये. "घरचा गजानन सोडून रानातले हत्ती बघायला चाललीस होय." हसत म्हणाली, पण म्हणाली. मग बाबांनी फोन घेतला. त्यांना गेंडा हवाय. शाळेत घालायच्या आधी त्यांनीच मला घरी अक्षरं शिकवली, ग गेंड्याचा.

२९ ऑगस्ट, शुक्र. कॅम्प, द. आफ्रिका
पहाटे पाचला उठवतात. जीपमध्ये आम्ही चौघं आणि गाइड सिफो. सगळ्यांकडून सही घेतली: गेंडा दिसला की फोन बॅगेत. फोन फोटोबरोबर जागाही नोंदवतो, आणि शिंगांसाठी मारणारे असे फोटो शोधतच असतात. मोठ्या कॅमेऱ्यांतलं लोकेशन सिफोने समोर उभं राहून बंद करून घेतलं. नक्की बंद झालं ना, असं मी त्याला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, सगळे पाहुणे तुझ्यासारखे असते तर मला रात्री झोप लागली असती.

३१ ऑगस्ट, रवि.
पाणवठ्यावर गेंड्याची मादी आणि पिल्लू. चालत चालत जीपपासून वीस पावलांवर आली. माझी ४०० ची लेन्स लांबचं टिपणारी, इतक्या जवळून फ्रेममध्ये नुसता एक कान. बाकीचे तिघं पिल्लात गुंतलेले. सिफोला हळूच विचारलं, फोनवर एक घेऊ? वडिलांसाठी. त्याने एकदा बाकीच्यांकडे बघितलं. मग, "फॉर युअर फादर? वन."
एकच घेतला. फोनचं लोकेशन बंद असेल असं धरून चालले. गॅस बंद केलाय का ते बघायला पार्किंगमधून परत वर जाणारी मी.

६ सप्टें., शनि. ईडन प्रेरी
घरी. कपडे मशीनमध्ये, लाल धूळ. बाबांना गेंडा पाठवला. त्यांना मोठा प्रिंट काढायचाय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिका येतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठव म्हणाले. तसा पाठवला. उलट तिकडून विसर्जनाच्या खिरापतीचा फोटो आला, आणि आईचा मेसेज: तुझ्या वाटणीची आम्ही खाल्ली.

८ सप्टें., सोम.
बाबांचा फोन, अगदी उत्साहात. शेजारच्या कुलकर्णीकाकांनी फोटो कॉम्प्युटरवर उघडला, तर चक्क नकाशा आला. "अगं, वरून तो पाणवठासुद्धा दिसतो!"
साधा फोटो म्हणून पाठवला असता तर व्हॉट्सअ‍ॅपने जागा पुसली असती. डॉक्युमेंटमध्ये सगळं जसंच्या तसं जातं. ऑफिसात लोकांना हेच समजावण्याचा पगार मिळतो मला.
बाबांनी किती ग्रुपवर टाकलाय त्यांनाच आठवत नाही. काकांनी तर कुठल्याशा निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर नकाशासकट. पुढे कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून.
बाबांना म्हटलं, रंग बिघडलेत, सगळीकडून डिलीट करा, दुसरा पाठवते. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर...
"रंग तर छान आहेत गं," म्हणाले.
दोन ग्रुपवरून निघाला. बाकी ठिकाणी वेळ उलटून गेली, आता निघत नाही. काका घरी नव्हते.

९ सप्टें., मंगळ.
कॅम्पच्या मॅनेजरला मेल लिहिली. 'गाइडच्या नकळत मी फोनवर फोटो काढला.' हे वाक्य लिहून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. त्याची नोकरी वाचेल. पण परत एक खोटं, आणि तेही त्याचं नाव पुढे करून. पाठवली नाही. आधी सिफोला मेसेज केला, झालेलं सगळं सांगितलं, मेलचा मजकूरही पाठवला. एकच टिक. रानात असणार.
दिवसभर एकच टिक. आज मेल न पाठवता मी नक्की कोणाला वाचवत होते?

१० सप्टें., बुध.
सकाळी उत्तर. रागावलेला नाही, त्याने जास्त त्रास झाला. मी हो म्हणालो होतो असंच लिही, म्हणतो. त्याला दोन मुली आहेत हे मला माहितेय, हे त्यालाही माहितेय. शेवटचं वाक्य: "अँड राइट इट नाऊ. शी ड्रिंक्स देअर एव्हरी इव्हनिंग."
दहा मिनिटांत खरी मेल गेली. कालच जायला हवी होती.

११ सप्टें., गुरु.
मॅनेजरचं उत्तर. गस्त त्या पाणवठ्याकडे वळवलीय. काल संध्याकाळी मादी आणि पिल्लू दोघं दिसली. सिफोला सोमवारच्या चौकशीपर्यंत जीप नाही. त्यापुढचं काही सांगता येत नाही. आणि फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर, कोणाकडे गेला त्याची यादी हवीय, आजच.
यादी माझ्याकडे नाही. बाबांकडे आहे.
इथे सकाळचे साडेसात, नाशिकला संध्याकाळचे सहा. पहिल्याच रिंगला उचलला. प्रिंट आलाय, हॉलमध्ये लावलाय, येईल त्याला आधी गेंडा आणि मग चहा. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला एक सांगायचंय, आणि मग काही लिहून घ्यायचंय. वही-पेन आणा.
ते चष्मा शोधायला गेलेत. फोन स्पीकरवर ठेवून मी हे लिहितेय. आईला विचारताना ऐकू येतंय, माझा चष्मा कुठाय, पोरीला माझी काहीतरी मदत हवीय.